दोन ग्लास पाणी, मग नंबर

भिलाईतल्या कोहक्याच्या त्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी घरमालकांनी मला जिन्यात अडवलं आणि एक कागद पुढे केला. कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं : पायऱ्या सतरा. नववी पायरी अर्धा इंच उंच. कठडा उजव्या हाताला. खाली ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करायची होती. मी दुर्गच्या कोर्टात वकिली करणारी बाई. असल्या सह्या कशासाठी घेतात हे मला चांगलं ठाऊक. म्हटलं, म्हातारा भलताच पोचलेला दिसतोय, उद्या पाय मोडला तर हा कागद नाचवेल.

“म्हणजे पडले तर जबाबदारी माझी, असंच ना काका?”

“तुमची कावून? पायरी माझी हाय न. पडल्या तर जिम्मेदारी माझीच.”

“मग सही कशाला?”

“तुमी वाचावं म्हणून. सही मागतल्याशिवाय कोणी वाचत नाही.”

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले. मी तिथं साडेतीन वर्षं राहिले. नववी पायरी त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. मिस्त्री जिन्यावर काम करताना पडेल, अशी त्यांना भीती होती.

ते मूळचे आर्वीकडचे. चौतीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये होते. नोकरीत होते तोवर सेक्टर दोनमध्ये क्वार्टर होतं. रिटायर झाल्यावर हे घर बांधलं आणि घर बांधून वर्ष झालं नाही तोच काकू गेल्या. एक मुलगी बेंगळुरूला. तिचा फोन दर रविवारी अकराला यायचा आणि अकरा वाजून चार मिनिटांनी संपायचा. त्या चार मिनिटांत काका तिला तिच्या इमारतीच्या आगीच्या जिन्यावर कोणी सायकली तर ठेवल्या नाहीत ना, हे विचारत. फोन ठेवल्यावर बराच वेळ खालून काही आवाज यायचा नाही. मग कुकरची शिटी व्हायची.

त्यांचं डोकं प्लांटमधून कधी घरी आलंच नाही. बल्ब बदलायचा तर पिवळं हेल्मेट घालून स्टुलावर चढायचे. स्टूल धरायला मला बोलवायचे आणि मलाही हेल्मेट घालायला लावायचे. पाहुण्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे एक जादा हेल्मेट होतं. पाहुणे मात्र कोणी येत नसत, त्यामुळे ते माझंच झालं होतं. एक वही होती, तिच्यावर नाव ‘थोडक्यात वाचलो’. घरात कोणी घसरता घसरता सावरलं की त्यात नोंद व्हायची. माझ्या नावावर सात नोंदी आहेत. ‘भाडेकरू बाई. चप्पल ओली. पडल्या नाहीत.’ मी एकदा चिडून म्हटलं, चूक माझी होती, मी घाईत होते. तर म्हणाले, “पडला त्याले विचारू नाही बाई, फरशीले विचारावं. माणूस तं घाईतच राह्यते.”

मी तेव्हा नवऱ्यापासून वेगळी होऊन आले होते. रायपूरला माहेर होतं, पण तिथल्या बायकांच्या नजरा नको होत्या, म्हणून दुर्गला एका सीनियरच्या हाताखाली काम धरलं. संध्याकाळी घरी आले की वर मी एकटी आणि खाली ते एकटे. मधे सतरा पायऱ्या. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे विनाकारण गेलं नाही. गेलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तर हा असा माणूस, ज्याला भात-पिठलं झकास करता येत होतं, तो रोज दुपारी एक वाजता मोबाइलवरून जेवण मागवायचा. कधी इडली, कधी नुसती दालखिचडी. त्यातलं अर्धं भांडीवालीच्या डब्यात जायचं. मला वाटलं, म्हातारपणी जिभेचे चोचले. सुट्टीच्या एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना खरा प्रकार पाहिला.

मे महिना होता. भिलाईचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. डिलिव्हरीवाला फाटकात उभा, डोक्याला गमछा, पाठीवर ती चौकोनी पेटी. काकांच्या हातात पाण्याचा तांब्या.

“बाबूजी, नंबर बताइए.”

“पहले दो गिलास पानी. फिर नंबर.”

पार्सल पोचलं हे सिद्ध करायला गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी नंबर येतो. तो सांगितल्याशिवाय डिलिव्हरीवाल्याची सुटका नाही. काकांनी तो नंबर ओलीस धरला होता. तो उभ्याउभ्या घटाघटा पाणी प्यायला तर तेही चालायचं नाही. व्हरांड्यात बसायचं, सावकाश प्यायचं. दुसरा ग्लास मीठ-साखरेचा. मग काका एकच प्रश्न विचारायचे : “आज पेशाब का रंग क्या था?”

फाटकावर पाटी होती : पाणी आहे, सावली आहे, संडास आहे, विचारू नका, वापरा. हेच हिंदीतही लिहिलेलं. बाहेरच्या संडासात त्यांनी भिंतीवर स्वतः रंगवलेला तक्ता लावला होता. चार पट्टे. पहिला पाण्यासारखा, शेवटचा कोऱ्या चहासारखा. पहिल्याखाली ‘शाबास’, दुसऱ्याखाली ‘पाणी प्या’, तिसऱ्याखाली ‘घरी जा’, चौथ्याखाली ‘डॉक्टर’. भट्टीपाशी काम करणाऱ्यांवर त्यांनी चौतीस वर्षं अशीच नजर ठेवली होती. ते म्हणायचे, “आमच्या कोक ओव्हनवाल्याले ताक भेटे, मीठ भेटे, बसाले थंडी खोली भेटे. याईले काय भेटते? दिवसभर मुतत नाही बाई हे पोरं. जागा कुठं हाय? म्हणून पाणीच पित नाही. मंग खडे होते, किडन्या जाते.” माझ्यासमोर असं बोलताना त्यांना संकोच नसे. तो त्यांच्या खात्याचा विषय होता.

डिलिव्हरीवाल्यांमध्ये त्यांचं घर ‘पानीवाले बाबा का घर’ म्हणून प्रसिद्ध होतं, पण त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त होती. कारण प्लांटमध्ये माणूस पाणी प्यायला बसला तर त्याचा पगार चालू राहतो. इथं दहा मिनिटं बसलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते आणि उशिराची खूण आपल्या नावावर पडते. हे काकांना माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं विश्रांती म्हणजे हक्क, आणि हक्क घेतल्याबद्दल कोणी शिक्षा करतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. हळूहळू त्यांच्या ऑर्डरी कोणी घेईना. ते एक वाजता मोबाइल हातात धरून व्हरांड्यात बसायचे आणि पडद्यावर बराच वेळ ‘माणूस शोधत आहोत’ असं येत राहायचं.

शेवटी मनहरणनं त्यांना सांगितलं. मनहरण पंचेचाळिशीचा, चष्मेवाला, छत्तीसगढी माणूस. आधी एका छोट्या कारखान्यात लेथवर होता, तो बंद पडल्यावर या कामात आला. लाजत लाजत म्हणाला, “बाबूजी, तुंहर पानी मीठ हे, फेर हमन ला महंगा पड़थे.” तुमचं पाणी गोड आहे, पण आम्हाला महाग पडतं. काकांना ते इतकं लागलं की ते वर आले. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या दारात उभं राहून म्हणाले, “बाई, मी लोकाईचं नुकसान करून राहिलो म्हणते.”

मी फायलीत डोकं घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी तारीख होती. वर न बघताच म्हटलं, “सोपं आहे काका. आधी नंबर देऊन टाका न. त्याचं काम संपलं, घड्याळ थांबलं. मग ज्याला बसायचं तो बसेल.”

“आधी नंबर?”

“हो. मग पाणी.”

ते खूष होऊन खाली गेले. मलाही बरं वाटलं, की फुकटात का होईना, एका माणसाला चोख सल्ला दिला.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. नंबर मिळाला की बहुतेक जण “थँक्यू बाबूजी” म्हणून गाडीला किक मारायचे. पाणी तांब्यातच राहायचं. काका फाटक धरून उभे राहायचे आणि गाडी वळणापर्यंत बघायचे. वरून मला त्यांचं टक्कल दिसायचं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की पाणी पाजणं हे निम्मंच कारण होतं. दिवसातून एकदा त्यांच्या दारात एक माणूस यायचा, आणि ते दोन ग्लासांपुरतं त्याला थांबवून घ्यायचे. माझ्या सल्ल्यानं तेवढंही गेलं.

थांबायचा तो एकटा मनहरण. तो आला की काकांचा आवाज वर ऐकू यायचा. पाठीचा पट्टा कसा बांधावा, गमछा ओला करून मानेवर ठेवावा, कांदा खिशात ठेवून काही होत नाही, तो खावा. मनहरण ‘हव बाबूजी, हव बाबूजी’ करत ऐकायचा. एकदा त्यानं काकांसाठी बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात आणला होता, दही घालून, कांदा लावून. काकांनी तो खाल्ला आणि त्या रविवारी मुलीला फोनवर सांगितलं. त्या दिवशी फोन नऊ मिनिटं चालला.

पुढच्या मे महिन्याच्या अखेरीचे, नौतप्याचे म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस होते. मी कोर्टात होते, बार रूममध्ये डबा उघडला होता, आणि काकांचा फोन आला. त्यांचा फोन मला कधी येत नसे.

“बाई, मनहरण पडला हो. व्हरांड्यात. ऊन लागलं. मी त्याले दवाखान्यात आणलं.”

“कसा पडला? आधी काही बोलला नाही?”

“काही नाही न. चांगला हसत आला. चांगला बोलत आला. नंबर घेतला, बटन दाबलं, बसला अन् पाणी उचलता उचलता गेलाच. अंग चटके देत होतं. बाई, हसत आला होता हो तो.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. मी रिक्षा करून पोचले, तेव्हा ते दवाखान्याच्या बाकावर ओल्या बनियनवर बसले होते. अंगातला सदरा भिजवून त्यांनी मनहरणवर टाकला होता. काखेत बर्फ, ओली चादर, पंखा, आणि शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही नाही. सगळं नियमानं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव यांच्यामुळे वाचला. पण किडन्यांना मार बसला होता. मानेत नळी घालून रक्त धुवावं लागलं, एकदा नाही, कितीतरी वेळा. मनहरणची बायको, दुलारी, भिंतीला टेकून उभी असायची. ती कधी रडली नाही. फक्त दर वेळी विचारायची, “कंपनी दिही न, वकील दीदी?” कंपनी पैसे देईल ना, एवढंच.

कंपनीचा विमा होता. इस्पितळाचा खर्च त्यात मिळायचा, पण एक अट होती : घटना ऑर्डर चालू असताना घडलेली पाहिजे. ऑर्डर घेतल्यापासून पोचवेपर्यंत. मनहरणनं नंबर टाकून बटन दाबलं होतं. रेकॉर्डवर ऑर्डर संपलेली, आणि तो पडला त्याच्यानंतर सहा मिनिटांनी. दावा नामंजूर. मी तो मजकूर मोबाइलवर वाचला. आधी पाणी, मग नंबर अशी जुनीच पद्धत चालू असती, तर तो ऑर्डर चालू असताना पडला असता.

काका मला घेऊन दुर्गच्या कामगार कार्यालयात गेले. नव्या कायद्यात अशा कामगारांना नाव मिळालंय, नोंदणीचं कार्ड मिळतं, पुढे योजना यायच्या आहेत. पण भरपाईचा अर्ज पुढे केला की पहिला प्रश्न जुनाच असतो : मालक कोण? टेबलामागचा बाबू सज्जन होता. त्यानं चहा मागवला आणि समजावलं, “अंकल, ये तो पार्टनर हैं. पार्टनर का मालिक नहीं होता.”

“तो दूसरा पार्टनर कहाँ है?” काकांनी विचारलं. “उसको भी बुलाइए. उसके पेशाब का रंग भी देख लेते हैं.”

सगळं कार्यालय हसलं. काका हसले नाहीत. परतताना बसमध्ये मी म्हटलं, एक रस्ता आहे. फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो पडला ऑर्डरनंतर, पण आजार आधीच सुरू झाला होता असं साक्षीदारानं सांगितलं, तर ऐकतील. मी हे वकिलाच्या सवयीनं बोलले. बोलून झाल्यावर लक्षात आलं, की साक्षीदार एकच होता आणि तो माझ्या शेजारी बसला होता.

दोन दिवसांनी त्यांनी मला कागद आणून दिला. प्लांटमधल्या अपघाताच्या अहवालासारखा, रकाने आखून हिंदीत लिहिलेला. मनहरण फाटकात आला. घाम नव्हता. शर्ट कोरडा होता. स्वतःच्या गल्लीचं नाव विचारलं तर चुकीचं सांगितलं. ही उष्माघाताची लक्षणं आहेत. या वेळी ऑर्डर चालू होती. मी चौतीस वर्षं सेफ्टीत काढली आहेत, मला ही लक्षणं ओळखता येतात, मी ती पाहिली, तरी मी आधी नंबर सांगितला आणि त्याला स्वतःच्या पायानं व्हरांड्यात चढू दिलं. चूक कोणाची : माझी. कामाची पद्धत कोणी ठरवली : मी.

मी तो दोनदा वाचला. चौतीस वर्षांत या माणसानं अहवालात एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी त्यांची दोन प्रमोशनं गेली होती, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, भांडीवालीनं सांगितलं होतं.

“काका, तुम्ही तर फोनवर...”

“घाबरलेल्या माणसाची साक्ष धरत नाही बाई,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी घाबरून होतो. आता आठवून लिहिलं.”

“आणि पद्धत...”

“घर माझं. पद्धत माझी.”

मी कागद घेतला. ‘पद्धत कोणी ठरवली’ या रकान्यावर माझं बोट बराच वेळ होतं. मग मी तो अर्जाला जोडून पाठवून दिला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

दावा मंजूर झाला. दुलारीनं दोन्ही हातांनी माझे हात धरले आणि पहिल्यांदाच रडली. मनहरण वाचला, गाडी मात्र पुन्हा चालवू शकला नाही. घरासमोर पंक्चरचं दुकान काढलं. काकांना भेटायला तो एकदा येऊन गेला. काका त्याच्याशी नीट बोलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी फाटकावरची पाटी काढून आत ठेवली. मोबाइलवरून जेवण मागवणं थांबलं. मी विचारलं तर म्हणाले, “ज्याले समोरचा माणूस दिसत नाही, त्यानं दुसऱ्याले थांबवू नाही बाई.” मला वाटलं, अहवालाशी सुसंगत राहायचं म्हणून बोलतात. पक्का साक्षीदार, असं मनात म्हणून मी हसलेसुद्धा.

पुढच्या वर्षी मला रायपूरला चांगलं काम मिळालं. सामान टेम्पोत चढलं होतं. मी निरोप घ्यायला खाली गेले. दुपारचा एक वाजला होता आणि ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. बरेच खराब झाले होते. ‘थोडक्यात वाचलो’ वही मांडीवर होती, पण वर्षभरात तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. मी पाया पडले. ते म्हणाले, “बाई, एक विचारू?”

“विचारा न.”

“त्या दिवशी मी तुमाले फोन केला होता न, कोर्टात. तेव्हा मी काय म्हणलो होतो? तो कसा आला म्हणलो होतो?” ते माझ्याकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते. “रोज दुपारी तो मले दिसते. घाम नाही, शर्ट कोरडा. लिहिलं म्हणून दिसते का पाह्यलं म्हणून दिसते, काही समजत नाही. तो चांगला आला होता असं मी म्हणलो होतो का? तुमाले आठवते?”

मला शब्द न् शब्द आठवत होता. चांगला हसत आला, चांगला बोलत आला. तीनदा. एवढं सांगितलं असतं तर तो माणूस पुन्हा फाटक उघडून बसला असता. पण मग तो अहवाल खोटा ठरत होता, आणि तो पाठवणारी वकील मी होते. आणि पद्धत कोणी ठरवली तेही बोलावं लागलं असतं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“नाही हो काका,” मी म्हटलं. “आता आठवत नाही.”

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “तुमी तं तिथं नव्हत्याच.” आणि मला फाटकापर्यंत सोडायला उठले.